‘जुना आजार सांगू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळ आला की घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो. नवा घोडा घेतलात तर विमा काढताना त्याचं जुनं दुखणं सांगू नका. ते आधीच्या मालकाच्या वेळचं, तुमचा काय संबंध? डॉक्टरांचा दाखला असला की झालं, आणि तीन वर्षं गेली की कंपनी दावा नाकारूच शकत नाही.

तीन वर्षांचं आधी मिटवू. ते विमा कायदा 1938 च्या कलम 45 मधलं आहे आणि ते कलम आयुर्विम्याचं, म्हणजे माणसांचं. आरोग्य विम्यातली तशीच 60 महिन्यांची मुदतही माणसांचीच. घोड्याला यातलं काही लागू नाही.

‘आधीच्या मालकाच्या वेळचं’ यात मात्र खरी गल्लत आहे. विम्याच्या प्रस्तावात, म्हणजे अर्जात, खरं सांगायचं बंधन असतं ते तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टींचं. विमा सुरू होण्याआधी जडलेल्या आजाराची भरपाई नाही, हा पॉलिसीतला अपवाद वेगळा. तिथे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, हे कोणी विचारत नाही. समजा, घोडीला मागच्या पावसाळ्यात सर्रा, म्हणजे माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार, झाला होता. विकणाऱ्याने इंजेक्शनं देऊन तिला उभी केली आणि बाजारात आणली. सर्रा उलटू शकतो. उलटला, घोडी गेली, जुने कागद निघाले, तर तुम्ही काहीही न लपवता दावा अडकतो. आणि माहीत असून लपवलंत तर ती उद्या पोटशुळाने मेली तरी कंपनी अख्खी पॉलिसीच रद्द करू बघेल. फसवून झालेला करार रद्द करू देणारं 1872 च्या करार कायद्याचं कलम 19 तिच्या हाताशी आहेच.

म्हणून उपचाराचे कागद विकणाऱ्याकडूनच मागायचे. आपण घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे आणि दात तासभर बघतो, पण ‘याला कोणत्या डॉक्टरने तपासलं होतं?’ हे विचारायला लाजतो!

दाखल्याचं म्हणाल, तर तो त्या दिवसापुरता. दुखणं दाबणारं औषध दिलेला घोडा त्या दिवशी सरळ चालतो. शिवाय पॉलिसी निघाली तरी साधारण पहिल्या 15 दिवसांत जडलेला आजार भरपाईत धरत नाहीत, अपघात धरतात.

सांगितलं तर विमा मिळत नाही, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. कधी नकार येतो, कधी हप्ता चढतो. ब्रिटनमध्ये तर जुनं दुखणं असलेला तेवढाच पाय वगळून पॉलिसी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही काय धरलं आणि काय वगळलं, हे लेखी मागावं. एक पाय वगळलेली पॉलिसी दावा उभा न राहणाऱ्या पॉलिसीपेक्षा परवडते.

आणि लपवून मिळवायचं तरी काय? आपल्याकडचा साधा पशुविमा जनावर मेलं तर पैसे देतो. खुरं सुजली, शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टरांचं बिल तुमचंच. कायमचं अपंगत्व धरायचं तर बहुधा जादा हप्ता भरावा लागतो.

एक मात्र करा. अर्जातला ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना एजंटला भरू देऊ नका. तिथे ‘नाही’ लिहायला त्याला घोडा बघावासुद्धा लागत नाही. सही तुमची असते.