हरली की घरी बसा, हे पोरींना परवडत नाही

८ फेब्रुवारी २०२४ ही तारीख माझ्या लक्षात आहे कारण त्या संध्याकाळी दोन भाकरी तव्यावर पार कोळसा झाल्या. मी आणि माझी भाची (भावाची पोरगी, तेव्हा आठवीत) मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून ढाक्यातली फुटबॉल मॅच बघत होतो, सॅफ (दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा) अंडर-१९ मुलींची फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. शिबानी देवीनं आठव्याच मिनिटाला गोल मारलेला, मॅच आपल्या खिशात आहे असं धरून मी पीठ मळायला घेतलं, आणि अगदी इंज्युरी टाइममध्ये बांगलादेशच्या सागरिकानं बरोबरी केली. मग पेनल्टी. एक, दोन, पाच, सात, कोण चुकेचना! गोलकीपर पोरींनी सुद्धा येऊन मारल्या, दोन्हीकडच्या अकराच्या अकरा आत, ११-११. एवढ्या लहान पोरींच्या अंगात एवढं डेरिंग कुठनं येतं देव जाणे, माझ्याच पायाला घाम सुटलेला.

आता खरी गंमत. नियम साधा आहे, सगळ्यांच्या मारून झाल्या की परत पहिल्यापासून सुरू, निकाल लागेपर्यंत. पण मॅच कमिशनर (मॅचवर देखरेख ठेवणारे) साहेबांनी काय करावं? नाणं उडवायला लावलं! भारतानं टॉस जिंकला आणि आपल्या पोरी नाचायला लागल्या. भाची मला म्हणते, "आत्या, नाणं का उडवालेत? परत पहिल्यापासून मारायच्या ना?" म्हणजे कोल्हापुरातल्या आठवीतल्या पोरीला कळतंय ते तिथं कळंना. बांगलादेशच्या पोरी मैदान सोडायला तयार नाहीत, स्टँडमधून बाटल्या पडायला लागल्या, मग निर्णय फिरवला, परत पेनल्टी घ्या म्हणाले तर आपली टीम यायला तयार नाही, आणि शेवटी किती तरी वेळानं दोघांनाही विजेते म्हणून जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं त्या नाण्याच्या क्लिप. ज्यांना सॅफ म्हणजे काय हे पण माहीत नव्हतं ते मला फॉरवर्ड करत होते, हसण्याच्या इमोजीसकट. आणि मला राग त्याचाच आला. त्या बावीस पोरींनी बावीस पेनल्टी आत घातल्या त्याचं कुणाला काय नाही, नाण्याचं कौतुक! तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज मुहूर्त लागला.

लोक म्हणतात, सॅफ म्हणजे काय, गल्ली क्रिकेट, नेपाळ भूतान बांगलादेशाला हरवून काय मोठा तीर मारला. हे म्हणणारे कप मोजतात. मी म्हणते कप सोडा, मॅच मोजा. पंधरा वर्षांच्या पोरीला वर्षात किती खऱ्या मॅच मिळतात, जिथं समोरची टीम अनोळखी आहे, रेफ्री ओळखीचा नाही, हरलं तर टोचतंय अशा?

बांगलादेशचंच बघा. मैमनसिंग जिल्ह्यात कलसिंदूर म्हणून गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेतल्या पोरी शाळांच्या स्पर्धेत खेळत खेळत देशाच्या टीममध्ये पोचल्या, मारिया मांडा, सानजिदा, तहुरा. एका गावातनं एवढ्या! २०१५ ला नेपाळमध्ये अंडर-१४ ची विभागीय स्पर्धा होती, फायनल २५ एप्रिलला, आणि त्याच दिवशी तो मोठा भूकंप झाला. चौदा वर्षांची पोरगी फायनलची वाट बघत परक्या देशात आहे आणि जमीन हलते, आईबापानं इकडं काय केलं असेल. ती फायनल मग डिसेंबरात झाली आणि बांगलादेशनं नेपाळला १-० नं हरवलं. पुढच्या वर्षी ताजिकिस्तानात परत तोच कप, तेव्हा फायनलला आपण होतो, ४-० नं मार खाल्ला. आपल्याकडं कुणाला माहीत तरी आहे का हे?

मग २०१६ ला ढाक्यात अंडर-१६ आशियाची क्वालिफायर, त्यात बांगलादेशनं सगळ्या मॅच जिंकल्या, आणि जिंकून त्या पोरी गावाकडं गेल्या कशा तर साध्या लोकल बसनं! बसमध्ये लोकांनी वाटेल ते टोमणे मारले, त्यावरून तिथं बराच गदारोळ झाला होता. पुढच्या वर्षी थायलंडला मेन स्पर्धेत उत्तर कोरियाकडून ९-० खाल्ले. नऊ! आपल्याकडं असतं तर म्हणाले असते, कशाला पाठवता, इज्जत घालवता. पण त्याच स्पर्धेत शेवटची मॅच ऑस्ट्रेलियाशी ३-२ पर्यंत नेली. एका आठवड्यात ९-० वरून ३-२. हे कॅम्पमध्ये प्लॅस्टिकच्या कोनांमधनं बॉल फिरवून येत नाही हो, मॅच खेळूनच येतं.

आणि २०२२ ला सीनियर सॅफ. तोपर्यंतचे पाचही कप भारताचे होते, एकपण दुसऱ्याला दिला नव्हता. त्या वर्षी गटात बांगलादेशनं आपल्याला ३-० हरवलं, सेमीला नेपाळनं घरी पाठवलं, आणि काठमांडूत नेपाळला ३-१ हरवून कप बांगलादेशनं नेला. टीममध्ये कोण तर ह्याच लोकल बसवाल्या पिढीतल्या पोरी. फायनलच्या आधी सानजिदानं फेसबुकवर लिहिलेलं की उघड्या बसमधनं मिरवणूक नाही निघाली तरी चालेल, लोकांचे टोमणे बाजूला सारून ज्यांनी आम्हाला मैदानापर्यंत आणलं त्यांच्यासाठी जिंकायचंय. ते एवढं फिरलं की सरकारनं रातोरात एका बसचं छप्पर कापून काढलं आणि एअरपोर्टवरनं पोरींना त्यातनं मिरवत नेलं. मी तो व्हिडिओ भाचीला दहादा दाखवलाय, आता ती वैतागते.

आपल्या २०२२ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपचं मला अजून वाईट वाटतं. यजमान आपण, भुवनेश्वरला तीन मॅच, अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. सोळा खाल्ले, मारला एकपण नाही. लोकांनी त्या पोरींना जे काय बोललं ते इथं लिहित नाही. कॅम्प झाले होते, परदेश दौरे झाले होते, सगळं खरं. पण ह्या पोरी चौदा-पंधराच्या होत्या तेव्हाची दोन वर्षं कोविडनं खाल्ली, ज्या वयात धडाधड मॅच पाहिजेत त्या वयात घराच्या गच्चीवर बॉल आपटत बसल्या असतील.

फायनलला मी नवी मुंबईत होते. रातराणीनं गेलो, मी, भाऊ आणि भाची, डी. वाय. पाटील स्टेडियम, स्पेन-कोलंबिया. कोलंबियाची लिंडा कैसेडो, सतरा वर्षांची, त्याच वर्षी ती सीनियर कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) खेळली, अंडर-२० वर्ल्ड कप खेळली आणि मग हा तिसरा! कोलंबियाचं दुर्दैव बघा, स्वयंगोलावर १-० हरले. भाचीला निकालाचं काय नव्हतं, ती परतीच्या गाडीत सारखी एकच विचारत होती, एका वर्षात एवढ्या मॅच खेळायला मिळतात?

आता आमच्या घरचं सांगते. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल हे सगळ्यांना माहीतच आहे, पाटाकडील-दिलबहार ह्या इथल्या टीमांची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते, पेठापेठांत झेंडे लागतात. भाचीला मात्र गेल्या वर्षी शाळेकडनं खऱ्या मॅच मिळाल्या तीन. तीन! नॉकआउट असतं ना, पहिल्या स्पर्धेत पहिल्याच मॅचला हरले, संपलं. दुसऱ्या स्पर्धेत एक जिंकले, पुढची पेनल्टीवर गेली. वर्षभर पहाटे उठून, पाय सोलून घेऊन, तीन मॅच. पोरगी म्हणते, "मी एवढा पळतो, कशासाठी पळतो?" काय उत्तर देणार.

म्हणून मला थिम्फूची २०२५ ची सॅफ अंडर-१७ जाम आवडली. चार टीम, भारत बांगलादेश नेपाळ भूतान, प्रत्येकीनं दुसरीशी दोनदा खेळायचं. फायनल नाही, सेमी नाही. प्रत्येक टीमला सहा मॅच नक्की, हरा नाहीतर जिंका. कप आपण शेवटच्या मॅचच्या आधीच पक्का केला आणि शेवटची मॅच बांगलादेशशी ४-३ अशी हरलो. बऱ्याच जणांना ती मॅच फालतू वाटली असेल, कप तर मिळालाच होता. मला तीच सगळ्यात भारी वाटली, पहिल्या भेटीतली चूक आठवड्यात सुधारून आलेली टीम समोर असते तेव्हा काय होतं ते आपल्या पोरींनी खेळून बघितलं. आणि मग ऑक्टोबरात उझबेकिस्तानला २-१ हरवून त्या आशिया कपला क्वालिफाय झाल्या. सॅफमुळंच झाल्या असं मी म्हणत नाही हां, पण उपयोग झाला नाही असं कोण म्हणत असेल तर त्याच्याशी मी भांडायला तयार आहे.

त्याच वर्षी जुलैत ढाक्याला सॅफ अंडर-२० झाली, त्यात भारताची टीमच नव्हती. सागरिकानं नेपाळविरुद्ध एकटीनं चार गोल मारून बांगलादेशला कप दिला. आता कुणीतरी कमेंटमध्ये येणारच की ताई, आपली अंडर-२० टीम पुढच्याच महिन्यात म्यानमारला हरवून वीस वर्षांनी आशिया कपला गेली की, मग सॅफ नसली तर काय बिघडलं? बरोबर आहे, गेली, मी पण ओरडले त्या दिवशी. पण त्या एकाच टीमच्या पोरी गेल्या. सॅफला दुसरी टीम पाठवली असती तर अजून वीस पोरींच्या पायाखालनं खऱ्या मॅच गेल्या असत्या, त्यातली एखादी आपली सागरिका निघाली असती. स्पर्धा शेजारच्या देशात, आणि आपल्याकडं काय पोरींची कमी आहे? मणिपूर, झारखंड, हरियाणा, तामिळनाडू, रांग लागलीय.

तर आमच्या कॉलनीतल्या चार आयांनी मिळून ठरवलंय, मे महिन्यात चार शाळांच्या पोरींची साखळी घ्यायची, थिम्फूसारखी, सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा. मैदानाचं बोलणं झालंय, दोन रेफ्री फुकट यायला तयार आहेत, पाण्याचे जार माझ्याकडं. पेनल्टी येणारच नाहीत कारण बरोबरी झाली तर बरोबरी, एक-एक पॉइंट घ्या आणि घरी जा. एक शाळा अजून हो-नाही करतेय. कुणाच्या ओळखीत मुलींची टीम असेल तर मेसेज करा, किट नसलं तरी चालेल, बिब्ज (टीम ओळखायला वरनं घालायची रंगीत बनियनं) आहेत माझ्याकडं, फक्त धुवून परत द्या म्हणजे झालं, मागच्या वेळी तीन आलेच नाहीत.