पंधरा हजारांचा लॅपटॉप आणि सांगलीचे ‘लुटारू’ दुकानदार

दिवाळी सेलपासून सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: मोठ्या मॉलमध्ये नि ऑनलाइन सेलमध्ये १५ हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, गावातले कॉम्प्युटरवाले त्याचेच तीस घेतात, अमेरिकेत वॉलमार्टने असंच केलं म्हणून कॉम्प्युटर स्वस्त झाले, आता इथली दुकानं बंद पडणार, पडू देत.

‘त्याचेच तीस.’ त्याचेच नाहीत हो. त्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा: सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (फाइली ठेवायची स्वस्तातली साठवण). ही साठवण मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, पुष्कळदा रॅमसुद्धा. नंतर वाढवायची सोय नाही. आणि विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली किमान गरज आहे ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासूनच काठावर. मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही, मग फोटो उडवत बसा. मार्केट यार्डातल्या एखाद्या हळद व्यापाऱ्याने असला लॅपटॉप घेतला, त्यात विंडोज ‘एस मोड’मध्ये निघालं, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं सेटअप चालूच होत नाही. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप बसतात. त्यातून फुकटात बाहेर पडता येतं, पण हे त्याला सांगणार कोण? काउंटरवरचा पोरगा कालपर्यंत मिक्सर विकत होता. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेल्या जिओच्या लॅपटॉपवर, जिओबुकवर, तर विंडोजच नव्हतं, अँड्रॉइडवर बेतलेलं जिओओएस होतं. टॅलीचा विषयच संपला.

‘वॉलमार्टमुळे स्वस्त झाले.’ वॉलमार्टने २००७ मध्ये एव्हरेक्स कंपनीचा जीपीसी नावाचा डेस्कटॉप कॉम्प्युटर १९९ डॉलरला सुमारे ६०० दुकानांत ठेवला. ५१२ एमबी रॅम, विंडोजऐवजी लिनक्स, मॉनिटर वेगळा घ्यायचा. पहिला माल भराभर खपला, हे खरं. पण मार्च २००८ मध्ये दुकानांतून तो काढला, ऑनलाइनपुरता ठेवला. आमच्या गिऱ्हाइकाला हवं होतं ते हे नव्हे, असं कंपनीच म्हणाली. भाव उतरले ते सुटे भाग स्वस्त झाल्याने आणि आसूसच्या ईई पीसी या छोट्या, स्वस्त लॅपटॉपनंतर तसल्या लॅपटॉपची चढाओढ लागल्याने. आपल्याकडे भर पडली ती १९९७ च्या, देशादेशांतल्या माहिती तंत्रज्ञान कराराची. त्यातून कॉम्प्युटरवरची कस्टम ड्युटी २००५ पर्यंत शून्यावर आली.

‘दुकानं बंद पडणार.’ सीलबंद नवा माल विकण्यात फारसं सुटत नाही, एवढं मेसेजवाल्याला बरोबर दिसलंय. ऑनलाइनच्या भावाशी खेळून छोट्या दुकानदाराचा निभाव लागत नाही. पण त्याचं पोट आता दुरुस्ती, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेल्या मालावर आहे. त्याच पंधरा-अठरा हजारांच्या आसपास कंपन्यांतून निघालेला इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान साठवण) असा लॅपटॉप मिळतो. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, म्हणून त्याच्या खालचा घेऊ नका. खालच्यावर विंडोज १० च चालवावं लागेल, आणि त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

दुकानदारांना धरायचंच असेल तर ‘बिल नको असेल तर कमी करतो’ यावरून धरा, फुकटच्या क्रॅक, म्हणजे चोरीच्या विंडोजवरून धरा. बिल नसलं तर वॉरंटीसाठी भांडायला हातात कागद नाही, आणि जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याचं १८ टक्क्यांचं क्रेडिटही (खरेदीवरचा कर वजा करून घ्यायची सोय) जातं. मेसेजमध्ये यावर एक ओळ नाही.