'ॲटलास'मधून हजारो मराठी मजूर मॉरिशसला गेले?

दरवर्षी २ नोव्हेंबर जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: १८३४ साली 'ॲटलास' या जहाजातून कोकणातले हजारो मजूर मॉरिशसला उतरले. तारीख आणि जहाज बरोबर, बाकीचं चूक.

'ॲटलास' कलकत्त्याहून निघालं होतं आणि त्यात करारबद्ध मजूर होते फक्त ३६. तेही छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले, म्हणजे आजच्या झारखंडकडचे. १० सप्टेंबरला त्यांचा करार झाला आणि २ नोव्हेंबरला ते मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोहोचले.

हजारोंचा आकडा लिहिणाऱ्यानं शिडाचं लाकडी जहाज डोळ्यांसमोर आणलेलं दिसत नाही. वाऱ्याच्या भरवशावर कित्येक आठवडे काढायचे, तर प्रत्येक माणसामागे पिण्याच्या पाण्याची पिंपं, तांदूळ, सरपण असं सगळं आधी चढवावं लागे. त्यात खलाशी, मालही. पुढे खास मजुरांसाठी निघालेली मोठी जहाजंसुद्धा काहीशेच माणसं नेत.

मॉरिशसला एकूण सुमारे साडेचार लाख मजूर गेले, पण अनेक दशकांत आणि असंख्य फेऱ्यांत. कोकणातले लोक त्यात होतेच. ते मुंबई बंदरातून सुटलेल्या इतर जहाजांनी गेले.