सोळा भाज्यांचं ऑडिट

भाजी मोजून खाणारा माणूस यंदा मी प्रथमच पाहिला. मोजून म्हणजे ‘दोनच चमचे वाढ हो’ असं नव्हे. पानाच्या कडेला एकेक फोड मांडून, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत.

आमच्याकडे गौरी असतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. नक्षत्र हे कारण रजेच्या अर्जावर चालत नाही, त्यामुळे दर भाद्रपदात मला ताप येतो, आणि आमच्या साहेबांची अशी समजूत आहे की गणपती बसले की आमच्या भागात डास वाढतात. असो. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, पुरणाचे दिवे, पंचामृत, अळूवड्या हे सगळं असतंच. शिवाय सोळा भाज्या एकत्र करून केलेली ती भाजी. हॉलमधला सोफा बेडरूममध्ये जातो, बेडरूममधले कपडे गॅलरीत जातात आणि पंगत बसते.

तर मामा. आईचे आतेभाऊ. सरकारी ऑडिटमधून केव्हाचे निवृत्त झाले, पण खिशातलं हिरव्या शाईचं पेन अजून खाली ठेवलेलं नाही. आल्या आल्या त्यांनी माझ्यावर पहिला आक्षेप नोंदवला, की केळीचं पान उलटं मांडलंय, टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवं. टोक डावीकडेच होतं. पंख्याखाली बसायचं म्हणून मामांनी पाट उचलून पानाच्या पलीकडच्या बाजूला नेला होता. शेवटी पान फिरवलं. मामा फिरले नाहीत.

मी आमटी वाढत त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा ते पानावर वाकले होते.

“अरे, या पंधराच आहेत.”

“काय पंधरा?”

“भाज्या. सोळा ना रे असतात?”

“सोळाच आहेत मामा. मी स्वतः चिरल्यात.”

“मग सांग बघू.”

हातात आमटीचं गरम पातेलं, मागे सात पानांवर भात वाट बघतोय, आणि मी शाळेत पाढा म्हणावा तसा उभा. दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका, घोसाळं, कारलं, तोंडली, काकडी, भेंडी, गवार, श्रावणघेवडा, वांगं, सुरण, रताळं, बटाटा, मक्याचं कणीस.

“हां!” मामा म्हणाले. “दोडका आणि घोसाळं तू वेगळं धरलंस. ती एकाच भावकीतली. एकच धरायचं.”

“भावकीच काढायची तर दुधी, भोपळा, पडवळ, कारलं, तोंडली, काकडी हीसुद्धा त्याच कुळातली. तुमच्या हिशेबानं नऊच उरतात.”

“बघ! मी तर तुझ्या बाजूनं पंधरा धरतोय.”

याला काय उत्तर द्यायचं असतं? मी पुढे सरकायला लागलो, तर त्यांनी पातेल्याचा काठ धरला.

“आणि बटाटा आपला नव्हे. परदेशी आहे. गौरीला कसा चालेल?”

मग मात्र माझी सटकली. म्हटलं, मामा, मका, रताळं, लाल भोपळा आणि तुमच्या पानावरचा हा घेवडा, सगळेच मूळचे अमेरिकेतले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ही मंडळी समुद्रापलीकडून आली. पोर्तुगीजांनी आणली नसती तर तुम्ही आत्ता भज्याबरोबर चावताय ती मिरचीसुद्धा आपल्याकडे नव्हती.

“मिरची मी मोजलेलीच नाही,” मामा शांतपणे म्हणाले.

तोवर अख्खी पंगत आपापली भाजी उपसायला लागली होती. एका भाच्याला सोळावी सापडली, ती लवंग निघाली. नागपूरच्या वहिनी, ज्यांच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्या हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे भाज्यांचं एक वेळ चालेल, पण आंबील लागतेच.” आंबील नव्हती. मामांनी मान डोलावली. दुसरा आक्षेप आयता मिळाला. पुरणपोळी ‘जरा जाड झालीय, पण चालेल’ असं म्हणत ते खात होते, आणि दर पोळीला तेच म्हणत होते. पाच वेळा चालली.

मला राग याचाच येतो. सुरण चिरताना हात खाजतात, अळूचे देठ सोलतानाही खाजतात. गवारीच्या शिरा काढायला आदल्या रात्री टीव्हीसमोर बसावं लागतं. आई आणि बायको पहाटे चारला उठल्या, डाळ शिजवली, पुरणयंत्राचा दांडा फिरवून फिरवून बायकोचा खांदा भरून आला. स्वयंपाक करणाऱ्यांची पंगत नेहमीप्रमाणे शेवटी बसली, तेव्हा पोळ्या गार होत्या, आमटीत पाणी घालून ती पुरवली होती आणि आईच्या वाटेला त्या भाजीतला दुधी आणि काकडी तेवढी आली. तिथे मोजायला कुणी बसलं नाही. मामा तेव्हा बेडरूममधल्या सोफ्यावर आडवे झाले होते आणि चहा कधी होणार ते विचारत होते.

निघताना म्हणाले, “उरलेली भाजी दे थोडी डब्यात. घरी शांतपणे बघतो.”

मला वाटलं खायला मागतायत. रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. स्टीलच्या ताटात फोडींचे छोटे छोटे ढीग, प्रत्येक ढिगाखाली कागदाचा कपटा आणि त्यावर हिरव्या शाईत क्रमांक. खाली मजकूर: ‘फेरतपासणीत १७ आढळल्या. सतराव्या वस्तूची ओळख पटत नाही. खुलासा व्हावा.’

आईनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. बायको म्हणाली चिंचेचा चोथा असेल, नाही तर खोबऱ्याचा तुकडा. भाचा म्हणाला लवंगच असणार, त्याची नजर तिच्यावर होतीच. मी खुलासा दिलेला नाही आणि देणारही नाही. मी फक्त लिहिलं, ‘कडीचा डबा, नग १, आजीचं नाव घातलेला, येणे बाकी.’

खाली दोन निळ्या खुणा दिसतायत. म्हणजे वाचलंय.