मासा हातात आहे, पण यादीत नाही

वैताग आलाय, अक्षरशः वैताग! तीन दिवस पहाटे भोई मंडळींसोबत भीमेवर जायचं, जाळ्यातला एकेक मासा मोजायचा, फोटो काढायचे. रात्री माशांच्या नोंदींच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नोंद भरायला बसलं की लाल अक्षरांत उत्तर येतं, ‘प्रजाती यादीत आढळली नाही.’

आढळली नाही म्हणजे काय? सकाळी तळहातावर होती माझ्या! बोटाएवढी पेथिया टिक्टो, शेपटीकडचा काळा ठिपका लख्ख दिसत होता. पुंटिअस या मोठ्या गटाची (जीनसची) फोड होऊन पेथिया, डॉकिन्सिया हे गट वेगळे झाले ते 2012 साली. यादी अजून त्याआधीच्या नावांतच अडकलीय. कटला मात्र तीनदा आहे: कटला कटला, गिबेलिऑन कटला, लेबिओ कटला. अहो, मासा एकच आहे! आणि याच बेरजेवर देशातल्या प्रजातींचे आकडे सांगायचे?

रोहूपुढे ‘देशी’ लिहिलंय. देशात देशी, कबूल. पण ती मूळची गंगा-सिंधूकडची, भीमेत मत्स्यबीज, म्हणजे पिल्लं सोडून आणलेली. मासा मूळचा कुठल्या नदीखोऱ्यातला याचा रकानाच नाही, त्यामुळे इथं रोहू सोडली तरी कागदावर देशी मासा वाढतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती मराठी नावांच्या रकान्याची. कर्नल सायक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा नावं इथल्या बोलीतून घेतली. शास्त्रीय नाव गारा मुल्या, म्हणजे आपला मळ्या. तोंडाखालच्या चकतीनं दगडाला धरून राहतो, हातात घेतला तर तळव्यालाही चिकटतो. भोयांची पोरं न बघता ओळखतात त्याला. आणि आमच्या यादीत त्याच्यापुढे काय? ‘लहान मासा’!

नावाच्या घोळानं काय होतं ते कावेरीतल्या महसीर या मोठ्या माशाला, त्यातल्या वशिंडवाल्याला विचारा. वर्षानुवर्षं त्याला टॉर मुसल्ला म्हणत राहिले. मुसल्ला मुळात महसीरच नाही, हे 2013 साली दाखवलं गेलं. वशिंडवाला म्हणजे टॉर रेमादेवी, हे 2018 मध्ये ठरलं आणि मग कुठं तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत आला. तोवर नदीत उरले किती थोडे!

दुरुस्तीसाठी तीन ईमेल केले. उत्तर आलं, ‘जवळची प्रजाती निवडून फॉर्म सबमिट करावा.’ नाही करणार! जो मासा मी पाहिलाच नाही, तो भीमेत होता असं माझ्या नावानं कायमचं नोंदवू? सतरा नोंदी मसुद्यात पडून आहेत. आज चौथा ईमेल पाठवलाय, सगळे फोटो जोडून.