‘ती शाळा नव्हतीच’ म्हणणाऱ्यांसाठी

म्यानमारमध्ये शाळेवर लष्कराचा हवाई हल्ला झाला की दोन दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. ती शाळा नव्हतीच, बंडखोरांचा अड्डा होता. मुलांची ढाल करणाऱ्यांना जाब विचारा, वैमानिकाला नको. युद्धात चुका होतातच. दोन्ही बाजू सारख्याच. आणि मेलेल्यांचे आकडे? ते तर बंडखोरच देतात. सगळं इतकं ठासून सांगितलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणारा तिथे जाऊन आलाय.

‘अड्डा होता’ इथूनच सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच खुंटीला टांगलेलं आहे.

16 सप्टेंबर 2022, शुक्रवार. सगाइंग प्रांतातल्या डेपायिन तालुक्यातलं लेट येट कोन हे गाव. तिथल्या बौद्ध मठाच्या आवारात शाळा भरत होती आणि पटावर दोनशेहून जास्त मुलं होती. दुपारी हेलिकॉप्टरं आली आणि त्यांनी आवारावर गोळीबार सुरू केला. तो जवळपास तासभर चालला, असं तिथे हजर असलेल्यांनी वृत्तसंस्थांना सांगितलं. त्यानंतर सैनिक पायी आत शिरले. युनिसेफने किमान 11 मुलं मेल्याचं जाहीर केलं.

लष्कराचे प्रवक्ते झॉ मिन टुन यांचं म्हणणं असं की उत्तरेतल्या काचिन समाजाचे बंडखोर आणि पीपल्स डिफेन्स फोर्सचे, म्हणजे लष्करी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या सशस्त्र दलाचे, लोक मठात लपले होते, आमचे जवान तपासणीला गेले तेव्हा त्यांनी आधी गोळी झाडली, गावात स्फोटकंही सापडली. फिरणाऱ्या मजकुरात हेच खुलासे ‘सिद्ध झालेलं’ म्हणून येतात, वास्तविक ही एका पक्षाची कैफियत आहे. तरी क्षणभर सगळं खरं धरू. मठात हत्यारबंद माणसं होती. मग त्याच आवारात वर्ग भरलेत हे वरून दिसत असताना तासभर गोळीबार करायचा? पायदळ बरोबर होतंच. वेढा घालता आला असता, मुलांना बाहेर काढायला अवधी देता आला असता. म्हणजे अड्ड्याचा दावा मान्य केला तरी त्या तासाचा हिशोब लागत नाही.

आता ‘बंडखोरांची शाळा’ या शब्दांकडे वळतो. इथे मजकूर लिहिणाऱ्यांच्या हाती अर्धं सत्य आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर हजारो शिक्षकांनी कामावर जायला नकार दिला. त्या मे महिन्यात सव्वा लाखांहून जास्त शिक्षक निलंबित झाल्याचं तिथल्या शिक्षक महासंघाच्या पदाधिकाऱ्याने सांगितलं. हे शिक्षक घरी बसले नाहीत. सगाइंगमध्ये, चिन डोंगरांमध्ये, काया राज्यात त्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने वर्ग सुरू केले: मठांत, चर्चमध्ये, बांबूच्या झोपड्यांत. यातल्या कित्येक शाळा राष्ट्रीय एकता सरकारशी, म्हणजे लष्कराला न जुमानणाऱ्या समांतर सरकारशी, जोडलेल्या आहेत. त्या अर्थाने त्या ‘विरोधकांच्या’ शाळा आहेतच, नाकारायचं कशाला?

पण लष्कराच्या हजेरीपटावर नाव नाही म्हणून शिक्षक सैनिक होत नाही. पांढरा सदरा आणि हिरवी लुंगी हा तिथल्या शाळकरी मुलांचा गणवेश, आणि तो घातलेलं आठ वर्षांचं पोर कुठल्या सरकारचा अभ्यासक्रम शिकतंय यावरून त्याचं जगणं-मरणं ठरत नाही. माझा अंदाज असा की लष्कराला खुपतं ते नेमकं हेच. आपल्याशिवाय गावात शाळा चालू शकते, ही गोष्ट एखाद्या बंदुकीपेक्षा जास्त बोचत असणार. हा अंदाज कुणी खोडून काढला तर ऐकेन. ‘ती शाळा नव्हतीच’ हे मात्र ऐकून घेण्यासारखं नाही.

शाळांचा लष्करी वापर हाच गुन्हा म्हणायचा, तर तोही तपासू. 19 मार्च 2021 ला युनिसेफ, युनेस्को आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनी संयुक्त निवेदन काढलं होतं. 13 राज्यं-प्रांतांमध्ये 60 हून जास्त शाळा आणि विद्यापीठांची आवारं ताब्यात घेतली गेली होती. कुणी घेतली होती? सुरक्षा दलांनी. हा आकडा फिरत्या मजकुरात कधी येत नाही.

‘मुलांची ढाल केली.’ तशी कुणी केली असेल तर तो गुन्हा आहे, कुठल्याही बाजूने केला तरी. पण समोरच्याने गुन्हा केला म्हणून आपली जबाबदारी संपते, असं युद्धाचा कायदा म्हणत नाही. संशय असेल तर शाळा नागरी समजावी, हे जिनिव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त करारात स्पष्ट लिहिलंय. यावर मजकूरवाले म्हणतील की म्यानमारने त्या करारावर सही केलेली नाही आणि तो देशादेशांतल्या युद्धांसाठी आहे. बरोबर आहे. मात्र म्यानमारने 1992 मध्ये मूळ जिनिव्हा करार स्वीकारले. त्यातलं सामाईक तिसरं कलम यादवी युद्धाला लागू होतं आणि लढाईत भाग न घेणाऱ्यांच्या हत्येला मनाई करतं. शिवाय हल्ल्याआधी खबरदारी घ्यायची, मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने नागरी हानी अवाजवी होऊ द्यायची नाही, हे रूढ नियम सही न करणाऱ्यांनाही बांधतात.

‘चुका होतातच.’ होतात. फक्त यादी पाहा. नोव्हेंबर 2023, चिन राज्यातलं व्हुइलू: शाळेवर बॉम्ब, 11 जण मृत, त्यात 8 मुलं. फेब्रुवारी 2024, काया राज्यातलं डाव सी एई: 4 मुलं. मग 12 मे 2025, पुन्हा डेपायिन तालुका, गाव ओ ह्तेन ट्विन. या वेळी 20 च्या आसपास विद्यार्थी आणि 2 शिक्षक गेले. 28 मार्चच्या भूकंपानंतर लष्कराने स्वतःच जाहीर केलेला युद्धविराम तेव्हा चालू होता. मुलांना पांगवायचा प्रयत्न केला पण विमान फार वेगात आलं, असं तिथल्या एका शिक्षकाने वृत्तसंस्थेला सांगितलं. नंतरच्या छायाचित्रांत मोडलेलं छप्पर आहे, आणि बाहेर ध्वजाच्या खांबापुढे दप्तरांचा ढीग.

यावर सरकारी दूरचित्रवाणीने काय म्हणावं? बातमीच खोटी. डाव सी एईच्या वेळीही लष्कराने हल्ला नाकारलाच होता. म्हणजे लष्कर सांगतंय हल्ला झालाच नाही, आणि त्याची वकिली करणारे सांगतायत चुकून झाला, शिवाय तिथे अड्डा होता. आधी आपापसांत ठरवून घ्या.

‘दोन्ही बाजू सारख्याच.’ 2021 मध्ये लष्कराने शाळा उघडायचा घाट घातला तेव्हा शाळांजवळ स्फोट झाले, कामावर रुजू झालेल्या काही शिक्षकांचे खून झाले. ते निर्घृण होतं आणि त्याला क्रांती वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण इथे विषय हवाई हल्ल्यांचा आहे. प्रतिकार गटांकडे ड्रोन आहेत, त्यांतून ते स्फोटकं टाकतात. लढाऊ विमानं आणि हल्ला करणारी हेलिकॉप्टरं मात्र एकाच बाजूकडे आहेत. वर्गाशेजारी खंदक खणून ठेवायची पाळी त्या गावांवर आली ती आकाशातून येणाऱ्या आवाजामुळे, आणि तो आवाज कुणाच्या विमानाचा, हे तिथल्या पोरांना विचारावं लागत नाही.

राहिले आकडे. ते कधी कधी बंडखोरांकडूनच येतात, हे खरंय. सप्टेंबर 2025 मध्ये राखाइनच्या क्यौकतॉ तालुक्यात मध्यरात्रीनंतर दोन खासगी शाळांवर बॉम्ब पडले, तेव्हा 15 ते 21 वयाचे 19 विद्यार्थी गेल्याचा आकडा तिथे लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मी या सशस्त्र गटाने दिला होता. त्याकडे जरूर सावधपणे पाहा. हल्ल्याचा निषेध युनिसेफनेही केला, हेही मग लक्षात घ्या.

आणि आकडे जुळत नाहीत याचं एक कारण लेट येट कोनमध्ये दिसतं. मजकुरात म्हणतात, पुरावा असेल तर मृतदेह दाखवा. गोळीबार थांबल्यावर आवार लष्कराच्या ताब्यात होतं. गावकऱ्यांच्या म्हणण्यानुसार सैनिकांनी मुलांचे मृतदेह उचलून नेले आणि ये-ऊ या गावी परस्पर जाळले. तीन दिवसांनी आलेल्या युनिसेफच्या निवेदनात 11 या आकड्याबरोबर दुसराही एक आकडा होता: त्याच शाळेतली किमान 15 मुलं बेपत्ता.