गाणं कळू नये म्हणून काय करावं

गेल्या शनिवारी कोथरूडच्या एका सोसायटीच्या वर्धापनदिनाला आमचा बँड वाजवायला गेला आणि शाल-श्रीफळ घेऊन परतला. रॉक बँडला नारळ! हा मान उगाच मिळत नाही, त्यामागे रसिकांची साधना असते. ती तुम्हालाही जमावी म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, फक्त धृपद ऐकावं. कडवं सुरू झालं की भजी घ्यायला उठावं. थोरामोठ्यांनी हेच केलंय. १९८४ साली अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' आलं. कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला, नोकरी न मिळणारा सैनिक. धृपदात मूठ उंचावून ओरडायची सोय. त्याच वर्षी प्रचारसभेत अमेरिकेचे अध्यक्ष रेगनसाहेबांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले. मग कार्यक्रमाला आलेल्या आमच्या पुढाऱ्यांनी, भाऊंनी, काय घोडं मारलंय?

आमचं गाणं विद्यापीठ चौकातल्या पुलावर. धृपद, 'धन्य ते हात, ज्यांनी पूल बांधला'. तो २०२० मध्ये पाडला, ते कडव्यांत. भाऊ धृपदालाच उठले. टाळ्या वाजवत स्टेजवर आले, वाजवत असलेल्या ड्रमरच्या खांद्यावर शाल टाकली, माइक घेतला आणि "विकासावर गाणारी तरुण पिढी" म्हणून दहा मिनिटं बोलले. दुसरं कडवं राहिलंच. रात्री रील आलं: भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि मागे आमचं धृपद.

दुसरं, गाणारा म्हणतो तेच त्याचं मत समजावं. रँडी न्यूमन या अमेरिकन गायकाने १९७७ मध्ये बुटक्या माणसांना नावं ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून गाणं म्हटलं, तर लोक न्यूमनवरच चिडले. मधल्या ओळींत 'तीही तुमच्याआमच्यासारखीच' असं आहे. पण तेव्हा भजी.

साउंडवाल्याला विनोद सांगू नये. 'स्पायनल टॅप' या लुटुपुटूच्या बँडच्या अँपचं आवाजाचं बटण दहाऐवजी अकरापर्यंत जातं, हे मी सांगून बसलो. "आपला अकरालाच चालू होतो, सर." आणि केला की हो त्याने!

शेवटचं, कळलंच तर पार्किंगमध्ये सांगावं. इकडेतिकडे बघून, हेल्मेट घालून. "भारी हाणलात हो! समोर हसता आलं नाही, ड्रेनेजचं काम भाऊंकडे अडकलंय." एक नाही, पाच जणांनी सांगितलं. पाच! यातले दोघे पहिल्या रांगेत होते आणि भाऊंच्या भाषणाला टाळ्या वाजवत होते. म्हणजे न कळणारे भाऊ एकटेच?

अहो, नाथांनी 'विंचू चावला' म्हटलं तेव्हा वैद्य आणायला कोणी धावलं नव्हतं. भारुडावर वाढलेली माणसं तुम्ही. पु. ल. तोंडपाठ आणि पूल विसरलात? रोज त्याच चौकात पाऊण तास क्लच दाबून बसता, घरी येऊन शिव्या घालता, आणि कोणी तेच गाऊन दाखवलं की मोबाईलमध्ये तोंड खुपसता. लाज वाटू द्या थोडी. पुढच्या वेळी दुसरं कडवं संपेपर्यंत जागेवर बसा. हसू आलं तर तिथेच हसा, भाऊंच्या समोर.

आणि तो नारळ घेऊन जा कोणीतरी.